पहिले तीन आठवडे : भाकरी सोडण्याचा आणि तलफेचा थोडा इतिहास



या व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलावे. एक मे जवळ आला की माझ्यासारख्याची आठवण होते आणि त्यात गैर काही नाही. परंतु मी त्यांस कळविले की, यंदा मी खाण्यावर बोलणार आहे. त्यातही खाणे सोडण्यावर. ते थोडे थांबून म्हणाले, "भाऊ, विषय इतिहासाचा पाहिजे." मी म्हणालो, इतिहासाचाच आहे. ज्याला आपण जिभेचा चोचला म्हणतो त्याचाही इतिहास असतो, आणि तो राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा आपल्या अधिक जवळचा असतो. त्यांनी परवानगी दिली. आता ती दिल्याचा त्यांना पश्चात्ताप होऊ नये एवढे पाहणे माझ्या हाती आहे.

प्रथम प्रकरण सांगतो. गेल्या वर्षाच्या अखेरीस माझ्या रक्तातील साखर उपाशीपोटी दोनशेच्या वर निघाली. तीस वर्षे हमाल-मापाड्यांच्या आणि जिनिंगमधील मजुरांच्या सभा, मोर्चे, वाटाघाटी करीत हिंडलो; जेथे गेलो तेथे चहा, जेथे बसलो तेथे आलूबोंडा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले की, तयारी असेल तर काही आठवडे माझ्या देखरेखीखाली पिष्टान्न जवळजवळ बंद करून पाहा. हल्ली ज्याला 'कीटो' म्हणतात तो हा आहार. भाकरी, पोळी, भात, साखर, गूळ, बटाटा, गोड फळे नाहीत. तूप, लोणी, अंडी, पनीर, मांस-मासळी, पालेभाज्या, तीळ, जवस यांवर राहावयाचे. दिवसाला पिष्ट आणि साखर मिळून वीस ते पन्नास ग्रॅमच्या आत. आता हिशेब करा. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत पस्तीस ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते. एका नागपुरी संत्र्यात दहाबारा ग्रॅम साखर. म्हणजे वरूडच्या माणसाने दोन संत्री खाल्ली की दिवसाचा शिधा संपत आला! ज्या गावच्या रेल्वे स्थानकाच्या नावातच संत्रे आहे, त्या गावात हे पथ्य म्हणजे पंढरपुरात राहून विठ्ठलाकडे पाठ करण्यासारखे.

पथ्य कळणे सोपे होते. कठीण होती ती तलफ. पहिले तीन आठवडे माझ्या डोक्यात दुसरा विचार नव्हता म्हटले तरी चालेल. आणि मला विचार करण्याची खोड असल्यामुळे मी वाचनालयात जाऊन बसलो. ही तलफ माझ्यापूर्वी कोणाकोणाला छळून गेली आणि त्यांनी तिचे काय केले, हे शोधू लागलो. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढचे सारे अशाच गरजेपोटी झालेले आहे.

हिंदीत तलफेला तलब म्हणतात. तलब म्हणजे ओढ. तलब म्हणजे मागणी, बोलावणे. आणि जुन्या बोलीत तलब म्हणजे पगारसुद्धा. माझ्या धंद्यातल्या माणसाला हे तीन अर्थ एका शब्दात सापडले म्हणजे तो शब्द सोडवत नाही. मागणी आली की आपण काय करतो? जो ती दाबून टाका म्हणतो तो मालक. जो ती कोठून उठली हे विचारतो तो संघटक. तेव्हा मी विचारले : दुपारी चार वाजता मला गोड चहा पाहिजे, ही मागणी उठली कोठून?

माझ्या पणजोबांना ती नव्हती. आपल्या वऱ्हाडचे जुने अन्न म्हणजे ज्वारी, डाळ, जवसाचे तेल, हंगामाची भाजी, घरचे ताक. ज्वारी पेवात भरून ठेवीत. गोड म्हणजे गूळ, तोही सणावारी. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वे आली, सरकी काढण्याचे कारखाने आले. जेथे ज्वारी होती तेथे कापूस शिरला. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत वऱ्हाडची काय दशा झाली ते आपण वाडवडिलांकडून ऐकले आहे. परंतु आज मला सांगावयाचे आहे ते भोंग्याविषयी. सूर्यावर चालणारा माणूस कारखान्याच्या भोंग्यावर चालू लागला, तेव्हा त्याच्या पोटाचेही वेळापत्रक बदलले.

चहा या भोंग्याच्या मागोमाग आला. हिंदुस्थानात चहा पिकत होता तो विलायतेला पाठविण्यासाठी. येथील माणूस तो पीत नव्हता. १९०३ साली चहावर उपकर बसवून त्याच्या प्रचारासाठी पैसा उभारण्यात आला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, कारखाने, कोळशाच्या खाणी येथे चहाची दुकाने मांडण्यात आली. कारण दमलेला, तहानलेला आणि आवाराबाहेर जाऊ न शकणारा गिऱ्हाईक तेथे आयता सापडत होता. मग साखर. १९३२ साली देशी साखर धंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशात जेमतेम तीस-बत्तीस कारखाने होते ते पाचसहा वर्षांत शंभराच्या पुढे गेले. १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. पुढे साखर रेशनवर आली, म्हणजे ती गरज ठरली. तिकडे लाल मिलो ज्वारी आणि अमेरिकेचा गहू आला. १९७२-७३ च्या दुष्काळात कामावरच्या मजुरांना सुकडी मिळाली. आमच्या घरी वडील सुकडीची चव सांगत तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणीही असे आणि तोंडालाही सुटे.

तेव्हा माझी चार वाजताची तलफ फार तर तीनचार पिढ्यांची आहे. ती माझ्यासोबत जन्माला आलेली नाही. ती कोणीतरी विकली आणि आम्ही घेतली. एवढे कळल्याने ती कमी झाली असे मात्र नाही. इतिहास कळून डोके दुखायचे थांबत नाही, हा अनुभव मला चौथ्या दिवशी आला.

शरीरात काय चालते ते आपल्या बोलीत सांगतो. आपल्या घरात रोजच्या धान्याची कणगी असे आणि वाड्यात जमिनीखाली पेव असे. रोजचा घास कणगीतून निघे. कणगी संपल्याशिवाय पेव कोणी उघडीत नसे. शरीराचे तसेच आहे. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा थोडा साठा असतो. यकृतातला तर एखाद्या दिवसाच्या उपासाने सरत येतो. ती कणगी. अंगावरची चरबी हे पेव. पिष्ट बंद केले की दोनचार दिवसांत पेव उघडावे लागते. यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये तयार करते आणि मेंदूसुद्धा त्यांवर चालू लागतो. मेंदू साखरेवाचून चालतच नाही अशी पूर्वी समजूत होती. १९६७ साली बोस्टनच्या जॉर्ज केहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, पाच-सहा आठवडे उपवास केलेल्या माणसांत मेंदूची बरीच मोठी गरज कीटोनांनी भागते, हे दाखवून दिले. पण ज्यांनी पेव उघडलेले पाहिले आहे त्यांना माहीत आहे की, झाकण काढल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. आत कोंडलेली वाफ असते. ती निघून जाऊ द्यावी लागते. पहिल्या आठवड्यातली डोकेदुखी, गळाठा, तोंडाला येणारा विचित्र वास आणि वखवख हा तो मधला काळ होय. कणगी संपलेली आहे आणि पेवात उतरता येत नाही.

हा मधला काळ आपल्या देशात उपोषणकर्त्यांनी पुष्कळ अनुभवलेला आहे. गांधीजी १३ जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत उपोषणास बसले. तेव्हा त्यांच्या लघवीत ॲसिटोन दिसू लागल्याची नोंद डॉक्टरांनी केली आणि ती चिंतेची बाब मानली. ॲसिटोन हे याच कीटोनांच्या कुळातले. जवळजवळ ऐंशी वर्षांच्या वृद्ध, क्षीण देहात त्याची चिंता वाटणे रास्तच होते. त्यापूर्वी १० फेब्रुवारी १९४३ पासून पुण्याच्या आगाखान महालात त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले, त्यात प्रकृती ढासळल्यावर पाण्यात मोसंबीचा रस घेतला. आपल्या फळांच्या मुलखातल्या लोकांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मीही एकदा उपोषणास बसलो आहे, पाच दिवस. कारण आणि कचेरी सांगत नाही. मागणी अर्धी मान्य झाली एवढे सांगतो. पहिला दिवस भाषणांत गेला. दुसरा आणि तिसरा दिवस असा की, मंडपासमोरून जाणाऱ्या माणसाच्या हातातल्या पुड्यात काय आहे हे मला वासावरून सांगता येत होते. चौथ्या दिवशी सकाळी भूक नव्हती. मला वाटले, ही माझ्या निश्चयाची कमाई. आज कळते की ती यकृताची कमाई होती. आणि म्हणूनच साखळी उपोषण हा प्रकार मला मनातून पटत नाही. त्यात माणूस एक दिवस बसतो, भुकेची चढण चढतो आणि उतार लागण्यापूर्वीच उठून घरी जेवावयास जातो. सर्वांना चढणच मिळते. असो.

उपवासातूनच हा आहार जन्मला. अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या रोग्यांना उपवासाने आराम पडतो हे जुने निरीक्षण होते. १९११ साली पॅरिसमध्ये ग्वेल्पा आणि मारी या दोघा डॉक्टरांनी तसे प्रसिद्ध केले. पण मूल उपाशी ठेवावे किती दिवस? १९२१ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी अशी युक्ती सुचविली की, उपवासात शरीरात जे घडते ते जेवूनही घडविता येईल. मात्र ताटात चरबी भरपूर आणि पिष्ट नावापुरते पाहिजे. 'कीटोजनिक आहार' हे नाव त्यांचेच. १९२५ साली तेथीलच पीटरमन यांनी प्रमाण बांधून दिले : वजनाच्या दर किलोमागे एक ग्रॅम प्रथिने, दिवसाला दहा ते पंधरा ग्रॅम पिष्ट, बाकी सारे स्निग्ध. म्हणजे आपल्या अर्ध्या भाकरीहूनही कमी. पाचसात वर्षांचे मूल शेजारच्या पोराच्या हातातली गोळी बघते आणि त्याला मिळते मलई! १९३८ साली फेनिटॉइन हे औषध उपयोगी ठरले आणि गोळी देणे सोपे असल्यामुळे हा आहार मागे पडला. १९९४ साली जिम अब्राहम्स या हॉलिवूडच्या दिग्दर्शकाने, आपल्या मुलाला गुण आल्यावर, त्याच्या प्रचारासाठी संस्था काढली आणि तो पुन्हा वर आला. आपल्याकडे मुंबईचे डॉ. जनक नाथन आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय मुलांवरील आपला अनुभव २००९ साली प्रसिद्ध केला.

या साऱ्या वाचनात मी एकच गोष्ट शोधत होतो : त्या मुलांनी पहिले आठवडे काढले कसे? निश्चयाने तर खास नाही. पाच वर्षांच्या मुलाला निश्चय कोठला? त्यांच्या आयांनी काढले. स्वयंपाकघरात काटा आला, प्रत्येक पदार्थ ग्रॅमवर तोलला जाऊ लागला, आहारतज्ज्ञ नाव-गाव जाणून विचारपूस करू लागले. मूल एकटे नव्हते. हे वाचले आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. मी जन्मभर मजुरांना सांगत आलो की, एकट्याच्या निश्चयावर संप टिकत नाही, संप टिकतो तो धान्याच्या फंडावर आणि शेजाऱ्यावर. आणि स्वतःच्या पथ्याच्या वेळी मात्र मी एकटाच दात-ओठ खाऊन बसलो होतो.

मी सहा जानेवारीस सुरुवात केली. गोळ्यांचे प्रमाण डॉक्टरांनी त्याच दिवशी कमी केले. हे मुद्दाम सांगतो, कारण साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू ठेवून आपल्याच मनाने भाकरी सोडली तर साखर एकाएकी खाली जाऊन माणूस कोसळू शकतो. काही नव्या गोळ्यांबरोबर रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. मूत्रपिंड बिघडलेल्यांनी, गर्भवतींनी तर डॉक्टरांवाचून या वाटेस जाऊच नये.

माझी पहिली चूक अशी झाली की मी भाकरीबरोबर तूपही आखडले. पन्नास वर्षे तूप म्हणजे श्रीमंतांचे खाणे असे ऐकलेले. हात पुढे जाईना. तिसऱ्या दिवशी उकडलेल्या अंड्यातले पांढरे आणि मेथीची भाजी खाऊन मी मरगळून पडलो. पुढे वाचनात आले की, ही चूक फार जुनी आहे. उत्तर ध्रुवाकडच्या लोकांत राहून आलेला स्टेफान्सन हा प्रवासी १९२८ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात नुसत्या मांसावर राहून दाखवीत होता. डॉक्टरांनी त्याला आधी मुद्दाम बिनचरबीचे मांस दिले. दोनतीन दिवसांतच तो आजारी पडला. चरबी मिळताच सावरला. त्याच्याही आधी लंडनचा विल्यम बँटिंग. याचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. १८६२ साली त्याचे वजन २०२ पौंड होते, डॉ. हार्वी यांच्या सल्ल्याने त्याने पाव, साखर, बटाटे, बिअर सोडली, वर्षभरात ४६ पौंड उतरविले आणि १८६३ साली त्यावर एक पुस्तिका लिहिली. ती इतकी गाजली की इंग्रजीत त्याच्या नावाचे क्रियापद झाले. त्यात मला भावले ते हे की, तो गडी कधी उपाशी राहिला नाही. दिवसातून चार वेळा टेबलाशी बसत होता. वखवख भरल्या ताटाने मागे हटते. मी पाचव्या दिवसापासून अंबाडीच्या भाजीवर तूप ओतून घेऊ लागलो. सोबत जवसाची चटणी, अंड्याचे कालवण. पोटाने जरा विश्वास टाकला.

दुसरी चूक मिठाची. पिष्ट बंद केले की इन्सुलिन उतरते आणि मूत्रपिंडे पाणी व मीठ बाहेर टाकू लागतात. चौथ्या दिवशी डोके असे ठणकले की मला वाटले, साखरेवाचून मी जगणारच नाही. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रक्तदाब विचारला आणि मीठ घालून पातळ ताक प्या म्हणाले. अर्ध्या तासात डोके उतरले. म्हणजे जिला मी साखरेची तलफ समजत होतो ती बरीचशी मिठाची मागणी होती! आपल्या शेजारी पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीच खाऱ्या. १९३० साली वऱ्हाडातील मिठाचा सत्याग्रह दहीहांड्याला झाला तो त्यामुळेच. समुद्र नसलेल्या मुलखाने मिठासाठी लढावे आणि मी ते प्यावयास विसरावे, याची मला गंमत वाटली. ज्याचा रक्तदाब वाढलेला आहे त्याने मात्र हे विचारूनच करावे.

आता चार वाजताच्या चहाकडे येतो. आमच्या संत्रा बाजारात कॅरेट भरणारे आणि ट्रकवर चढविणारे हमाल चार वाजता हात थांबवितात. ही सुट्टी आम्ही मागून घेतलेली आहे. आधी ती नव्हती. मी चहा नाकारू लागलो तेव्हा पहिले दोन दिवस मी त्या वेळी तेथून उठून जात असे. तिसऱ्या दिवशी एका जुन्या सहकाऱ्याने, जन्मभर ओझे उचललेल्या माणसाने, मला अडविले. "भाऊ, चाय नाही घेत तं नका घेऊ. पण उठून काहून जाता?" मी म्हणालो, बसले की भूक लागते. तो हसला. म्हणाला, "हे भूक नाही भाऊ. बुडाले बसाचं आहे, म्हणून तोंड चाय मांगते."

सभ्यपणासाठी हे वाक्य मी बदलावयास हवे होते. पण बदलले तर त्यातले शहाणपण जाईल. मी केलेल्या साऱ्या वाचनात याहून नेमके वाक्य मला आढळले नाही. ज्या माणसाला बसण्याची सवलत चहाच्या निमित्तानेच मिळाली, त्याच्या शरीरात विसावा आणि साखर यांची गाठ पडलेली आहे. त्याने चहा सोडला तर त्याला वाटते, विसावा गेला. म्हणून विसावा सोडावयाचा नाही, पेला बदलावयाचा. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे चार वाजता तेथेच बसून मीठ-जिरे घातलेले ताक पिऊ लागलो. त्यालाही साखरेचा त्रास होता. त्याने भाकरी सोडली नाही, फक्त चहातली साखर सोडली. पण जोडीदार झाला.

जोडीदाराची गोष्ट इतिहासात आहे. १९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा येथे अँसेल कीज यांनी, युद्धात शस्त्र धरण्यास नकार देणाऱ्या छत्तीस तरुणांवर प्रयोग केला. युद्धाने उपाशी पडलेल्या युरोपला पुन्हा खाऊ कसे घालावे हे त्यांना शोधावयाचे होते. चोवीस आठवडे त्या तरुणांना अर्धपोटी ठेवले. ताटात बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. म्हणजे कणगी थोडी थोडी भरत राहिली आणि भूक कधी मिटलीच नाही. ते तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, च्युइंगगमचे पुडेच्या पुडे चघळू लागले. चांगली, तत्त्वनिष्ठ माणसे. त्यांतलीही काही चोरून खाऊ लागली. तेव्हा कीज यांनी नियम केला की, कोणी एकट्याने बाहेर जावयाचे नाही, जोडीदार बरोबर पाहिजे. ज्यांनी विवेकासाठी सरकारशी वैर घेतले, त्यांच्याही निश्चयाला जोडीदार लागला. मग तुमची आमची काय कथा?

नवव्या दिवशी संक्रांत होती. तुम्हीच सांगा, दारात आलेल्या माणसाने तिळगूळ पुढे केला असता कोणत्या तोंडाने नाही म्हणावे? एक घेतला. दुसऱ्या घरी दुसरा. संध्याकाळी घरचा डबा उघडून उभ्या उभ्या किती खाल्ले ते मोजले नाही. त्या रात्री मला जी लाज वाटली ती खोटी होती हे आता कळते. संप एक दिवस फुटला तर आपण संघटना मोडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारावर उभे राहतो. सकाळी जोडीदाराला सांगितले. तो एवढेच म्हणाला, "झालं ना? बसा." दोन दिवस पुन्हा वखवख सुटली, कारण कणगी पुन्हा भरली होती. तिसऱ्या आठवड्याच्या मध्यावर एके दिवशी साडेचार वाजले तरी मला चाराची आठवण झाली नव्हती. कीटोन वाढलेले असताना भुकेची ओढ लावणारे द्रव्य एरवी वजन उतरल्यावर उसळते तसे उसळत नाही, असे मेलबर्नच्या संशोधकांनी २०१३ साली दाखविले आहे, ते असेल. ताकही असेल. सोबतही असेल.

आपल्या महाराष्ट्रात खाण्याच्या शिस्तीची जी मोठी लाट गेल्या काही वर्षांत आली ती तर व्याख्यानांतूनच आली, हे या मंडपात सांगितलेच पाहिजे. आपल्या शेजारच्या काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) दिवसातून दोनदाच जेवा असे व्याख्यानांतून सांगत. त्यांचा विचार लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकविणारे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी उचलला, आधी स्वतःवर अजमावला आणि मग गावोगावी सभागृहे भरविली. त्यांची पद्धत कीटो नव्हे. तीत भाकरीला बंदी नाही. दोन वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवावे, मधल्या वेळी काही खाऊ नये. त्यावर आहारतज्ज्ञांत मतभेद झाले आणि ते व्हावयाचेच. मला त्यात दिसली ती व्यवस्था. मधल्या वेळी राहवत नसेल तर काय, याचे उत्तर त्यांनी तयार ठेवले : पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा, फार तर एखादा टोमॅटो. आणि लोकांनी मोबाइलवर गट करून एकमेकांना धीर दिला. जोडीदाराचा नियम येथे कोणी शिकविला नव्हता. तो आपोआप उगवला.

एक अवघड गोष्ट राहिली. पुण्याच्या हमाल पंचायतीने डॉ. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली १९७४ साली 'कष्टाची भाकर' सुरू केली, ती मजुराला स्वस्त आणि पोटभर भाकरी मिळावी म्हणून. आमची सारी हयात भाकरीच्या मागणीत गेली. आज मी व्यासपीठावरून भाकरी सोडण्याच्या गोष्टी सांगतो तेव्हा माझीच जीभ अडखळते. रेशनवर २०२३ पासून धान्य फुकट मिळते, पण मिळते ते धान्यच. अंडी, तूप, पनीर मिळत नाही. माझ्या या तीन आठवड्यांचा खर्च एका हमालाला परवडणारा नव्हता. मला तो मुलाच्या पगारातून परवडला. आणि दिवसभर ओझे वाहणाऱ्याला मी हे पथ्य सुचविणारही नाही. शिवाय आमच्या घरी दोन चुली झाल्या. माझ्या तलफेचा हिशेब मी वहीत लिहीत होतो. सौभाग्यवतींनी त्या तीन आठवड्यांत किती जास्त वेळ शेगडीसमोर काढला तो कोणत्याच वहीत नाही. त्यांनी मला एकदाच विचारले, "तुमचं पथ्य आहे की माझं?" मी त्या दिवसापासून माझी अंडी मीच उकडू लागलो.

सहा आठवड्यांनी साखर पुष्कळ उतरली. डॉक्टरांनी मला पूर्ण कीटोवरून थोडे मागे आणले. आता दुपारी अर्धी भाकरी असते, बाकी ताट तेच. फेब्रुवारीच्या अखेरीस मृग बहाराची संत्री बाजारात आली होती. दीड महिना मी त्या ढिगांमधून वास घेत हिंडलो होतो. त्या दिवशी चार वाजता ताकाचे पेले खाली ठेवल्यावर जोडीदाराने कॅरेटमधून एक संत्रे उचलले, सोलले, फोडी मोकळ्या करून फडक्यावर मांडल्या. दहा भरल्या. त्याने मोजून पाच माझ्याकडे सरकविल्या आणि पाच स्वतःकडे ओढल्या, आणि आम्ही ट्रक भरायचे राहिले होते तोवर ते एक संत्रे खात बसलो.